मागची डावी कमान

१

लकडगंजात जुनी गाडी घेणाऱ्याचा एक शिरस्ता होता. आधी देवाला विचारायचं, मग बायकोला, आणि शेवटी चंपतराव भोयरला. पहिल्या दोघांनी होकार दिला आणि चंपतरावानं नुसती नकाराची मान हलवली, तरी सौदा मोडायचा.

चंपतराव तसा इंजिनाचा माणूस नव्हे. त्याचं दुकान कमानींचं. चाकावर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात आणि गाडीचा सगळा भार त्या वाहतात. त्या पट्ट्या भट्टीत तापवायच्या, घणानं ठोकायच्या, बसलेल्या कमानीला पुन्हा बाक द्यायचा, हा त्याचा जन्माचा धंदा. आजूबाजूला सागवानाच्या वखारी. दिवसभर करवती किंचाळायच्या, आणि त्या गोंगाटातही गाडी दारात उभी राहताना कोणत्या चाकाकडून कुरकुरली हे चंपतरावाला आतूनच कळायचं. या गोष्टीचा त्याला गर्व होता आणि तो लपवण्याची तसदी त्यानं कधी घेतली नाही.

"मीटर उलटं फिरवता येते," तो गिऱ्हाइकाला सांगे. "इंजनाले धुऊन पुसून नवरदेव करता येते. पण कमान खोटं नाही बोलत गा. जेवढं ओझं तिनं वाह्यलं, तेवढी ते झुकते."

कमान तपासायची त्याची रीत ठरलेली होती. समोरच्या वखारीचे मालक नत्थूजी वयानं मोठे आणि देहानं त्याहून मोठे. त्यांना बोलावून गाडीच्या एकेका सीटवर बसवायचं. चंपतराव मागच्या बाजूला उकिडवा बसून मडगार्डवर तळहात टेकवायचा आणि म्हणायचा, "बसा." गाडी खाली जायची. मग, "उतरा." गाडी वर यायची. सगळं कसब त्या वर येण्यात होतं. चांगली कमान वर येते, एकदा हलकेच मागे जाते आणि थांबते. थकलेली नाचत राहते. गंजलेली जागची हलत नाही. नत्थूजींना या कष्टाचा चहा मिळे, आणि वखारीतले लोक त्यांना चंपतरावचं वजनमाप म्हणत.

हे दोन शब्द चंपतरावाच्या तोंडात इतके रुळले होते की एकदा घरी श्राद्धाच्या पंगतीत जेवणं आटोपल्यावर तो पाटावरच्या ब्राह्मणाला "उतरा" म्हणाला होता. बायको, पार्वतीबाई, ती गोष्ट आल्यागेल्याला अजून सांगत असे.

त्या वर्षीच्या वैशाखात मात्र त्याला जी गाडी पाहायची होती ती परक्याची नव्हती. त्याची एकुलती एक लेक जया सातव्या महिन्यात होती आणि बाळंतपणासाठी सक्करदऱ्याला माहेरी आली होती. ही तिची दुसरी खेप. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात ती एका लग्नाहून भाड्याच्या जीपगाडीनं परतली, रस्ताभर आदळली आणि घरी पोचायच्या आत पोट रिकामं झालं. चंपतरावानं नंतर ती जीप शोधून काढली. मागच्या कमानीच्या दोन पट्ट्या तुटलेल्या होत्या. तो तिथेच रस्त्यात बसून रडला होता.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एकही धक्का नको. दवाखाना सीताबर्डीच्या पलीकडे. रिक्षा नको, टांगा तर नकोच. म्हणून जावई, नंदनवनचे भैय्याजी, गाडी घ्यायला निघाले होते. सिव्हिल लाइन्समधल्या कोणा साहेबाची विलायती गाडी निघाली होती, डिझेलवर चालणारी, लाखावर मैल पळलेली. "मामाजी, तुम्ही हो म्हणा, मी घेतो," एवढंच भैय्याजी म्हणाले. एवढंच म्हणाले म्हणून चंपतरावाला जास्त भीती वाटली.

२

गाडी घेऊन लहानू आला. साहेबाचा जुना ड्रायव्हर, वाळका, खाली मान घालून बोलणारा. साहेब बदली होऊन मुंबईला गेले होते आणि गाडी विकायचं काम याच्यावर टाकून गेले होते.

गाडी काळी, लांब, नाकावरचं चिन्ह कोणीतरी उपटून नेलेलं. लहानूनं ती सावलीला लावली, खाली उतरला, वळसा घालून पलीकडे गेला आणि मागचं डावं दार उघडलं. दाराला धरून थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला. मग दार हळूच लावलं आणि इकडे येऊन रामराम केला.

चंपतरावाला हसू आलं. मोठ्या लोकांची चाकरी, हाडात मुरते. "साहेब तं मुंबईले गेले ना गा? आता कोणाले उतरवून राहिला?"

"सवय हाय," लहानू म्हणाला आणि किल्ली ठेवून पायी निघून गेला. चहा घे म्हटलं तरी थांबला नाही.

चंपतरावानं गाडी पाहायला घेतली. मीटरकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पायाखालच्या पॅडलचं रबर पाहिलं. झिजून गुळगुळीत. दारं उघडून वर उचलून पाहिली. ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी सैल, बाकीची घट्ट. तेलाची कांडी बोटावर पुसून वास घेतला. इंजिन चालू करून धुरासमोर पांढरा रुमाल धरला. रुमाल जरासा मळला, तेलकट झाला नाही. गाडी खूप पळली होती, पण जपून पळली होती. अशी गाडी त्याला आवडे. कष्ट करून न कुरकुरणारं माणूस त्याला आवडे तशीच.

मग त्यानं आतली सीटं पाहिली. ड्रायव्हरचं सीट बसलेलं, ते साहजिकच. त्याच्या शेजारचं, पुढचं डावं सीटही चांगलंच खचलेलं. मागचं सीट मात्र कोरं. कापडाची घडी मोडलेली नाही, शिवणीचा दोरा उसवलेला नाही. त्यावर वर्षानुवर्षं कोणी बसलंच नव्हतं.

आणि तरी गाडी मागे डावीकडे झुकलेली होती.

चंपतरावानं चाक आणि मडगार्ड यांच्या मधे हात घालून पाहिला. उजवीकडे त्याची अख्खी वीत मावली. डावीकडे चार बोटं कमी पडली. एवढी झुकते म्हणजे त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं कोणीतरी जड माणूस बसायला हवं होतं.

"नत्थूजी!" त्यानं हाक मारली.

तीन सीटं झकास निघाली. मग नत्थूजी धापा टाकत मागे डावीकडे चढले. "बसा." गाडी आणखी खाली गेली. "उतरा." गाडी वर आली आणि पुन्हा त्याच चार बोटांवर थांबली. अडकल्यासारखी नाही, नाचत नाही. बाहेर कोणी उतरलं तरी आत अजून कोणी आहे, अशी.

"नत्थूजी, मी तुम्हाले कोपऱ्यात बसा म्हणलं होतं. तुम्ही मधात काहून बसले?"

"मधात कुठं? मी तं..." नत्थूजी थबकले. घाम पुसत त्यांनी सीटकडे पाहिलं. "सरकलो वाटते. सवय हाय बाप्पा, कोणी चढलं का सरकून बसतो मी."

"पण चढलं कोण?"

"आता ते मले काय माहीत," नत्थूजी म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

चंपतराव भुताखेतांना मानणारा नव्हता. गाडी झुकते म्हणजे कमान थकली, हे त्याला सूर्य उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं. त्यानं डावी कमान खोलली, दुकानाच्या फरशीवर ठेवली, उजवी खोलून तिच्या शेजारी ठेवली. दोघी जुळ्या बहिणी. तोच बाक, तीच उंची, एका केसाचा फरक नाही. त्यानं दोन्ही साफ केल्या, वंगण दिलं, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली, गाडी जॅकवरून खाली सोडली आणि वीत लावली.

डावीकडे चार बोटं कमी.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजी आले. चंपतरावानं त्यांना काही सांगितलं नाही. सांगणार काय? कमान चांगली आहे आणि गाडी झुकलेली आहे? असं बोलणाऱ्या माणसाला त्यानं स्वतःच दुकानाबाहेर काढलं असतं.

"चला जावई, उमरेड रोडले नेऊन पाहू. तुम्ही मागं बसा, डाव्या बाजूनं. जया तिथंच बसन." आणि त्यानं पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या मागच्या सीटवर ठेवला. गाडी किती आदळते हे तांब्या सांगतो, ही त्याची दुसरी रीत.

उमरेड रोड त्या वर्षी उखडलेला होता. ट्रकांनी खड्ड्यांत खड्डे पाडलेले. चंपतरावानं मुद्दाम एकही चुकवला नाही. गाडी मात्र अशी गेली की त्याला वाटावं, रस्ता कोणी रात्रीतून सारवून ठेवला आहे. मागून भैय्याजींचा आवाज आला, "मामाजी, पोटातलं पाणी हालून नाही राहिलं!" चंपतरावाचा जीव त्या एका वाक्यानं भांड्यात पडला. त्याला जया दिसली, खिडकीशी बसलेली, निर्धास्त.

त्यानं मागं पाहायच्या आरशात डोकावलं. भैय्याजी एकटेच होते, हसरे, पण सीटच्या मधोमध, गुडघे जवळ घेऊन, खांदे आवळून. तांब्या मांडीत धरला होता. त्यांच्या डाव्या हाताला, खिडकीपर्यंत, बरोबर एका माणसाची जागा मोकळी होती. सीट तिथे जराही दबलेलं नव्हतं.

वखारीपाशी उतरल्यावर चंपतरावानं विचारलं, "खिडकीपाशी बसा म्हणलं होतं ना मी?"

"मी तिथंच तं होतो, मामाजी," भैय्याजी म्हणाले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता.

त्या दुपारी चंपतरावाला जेवण गेलं नाही. एक मन म्हणत होतं, गाडी सोन्यासारखी आहे, धक्का म्हणून लागत नाही, जयाला हीच हवी. दुसरं मन चार बोटं मोजत होतं. आयुष्यभर तो लोकांना कमान खोटं बोलत नाही म्हणून सांगत आला. आता ती काय सांगते आहे हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. मनात आलं, कमान गाडीला जोडणारी खीळ कुठंतरी जाम झाली असेल. बस. खीळच असणार.

४

लहानू दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार होता. संध्याकाळी चंपतरावानं ती सक्करदऱ्याला घरी नेली. जयाला एकदा बसवून पाहावं, आणि शांतपणे पुन्हा एकदा त्या खिळेला हात लावावा, असा त्याचा बेत.

ऊन उतरलं होतं. तलावाकडून जरा वारा येत होता. अंगणात पार्वतीबाईनं सडा टाकलेला, त्या ओल्या मातीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. फाटक सताड उघडं. त्यानं गाडी फाटकाला लावूनच उभी केली, डावी बाजू घराकडे.

मागच्या डाव्या दाराचा खटका त्याला जरा कडक वाटला होता. तो पाहायला त्यानं दार पूर्ण उघडलं आणि तसंच ठेवलं. मग सवयीनं मागे जाऊन उकिडवा बसला, मडगार्डवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. नत्थूजी नाहीत, आत कोणी बसलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण हात मडगार्डवर टेकला की जीभ आपलं काम करते.

"उतरा," तो म्हणाला.

गाडी उठली.

एकदम नाही. आधी जराशी आणखी खाली गेली, पाय बाहेर काढताना माणसाचा भार कडेला येतो तशी. मग हळूहळू, दाराचा आधार घेत म्हातारं माणूस उतरावं त्या बेतानं, डावी बाजू त्याच्या तळहाताखाली वर आली. वर आली, एकदा हलकेच मागे गेली, आणि थांबली. उत्तम कमान जशी थांबते तशी.

"या, या!" आतून पार्वतीबाईचा आवाज आला. स्वयंपाकघरातून तिनं नुसतं 'उतरा' ऐकलं होतं, आणि दारात कोणी पाहुणं उतरलं म्हटल्यावर त्या घरात जी हाक जायची तीच गेली. "आत या ना बाप्पा. उन्हाचे आले. आपलंच घर समजा."

चंपतराव जागचा हलला नाही. फाटकापासून ओसरीपर्यंत सड्याची ओली माती होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आपण पाहत नाही आहोत हे त्याला कळत होतं.

पार्वतीबाई गूळ आणि पाणी घेऊन ओसरीवर आली. "कोण आलं?"

"कोणी नाही वं. गाडी पाहून राहिलो."

"मग 'उतरा' कोणाले म्हणलं?" तिला श्राद्धाची पंगत आठवली आणि ती पदर तोंडाला लावून हसली. "तुमचं तं आता गाडीसंगंही सुरू झालं." गूळपाणी तिनं ओसरीच्या कठड्यावर ठेवलं आणि दिवाबत्तीला आत गेली.

चंपतरावानं वीत लावली. उजवीकडे एक वीत. डावीकडे एक वीत. तो मोठ्यानं हसला. खीळच होती! उमरेड रोडच्या खड्ड्यांनी जाम खीळ हलवली होती आणि आता हात लागताच ती सुटली. इतकं साधं होतं. त्यानं जयाला हाक मारली, हाताला धरून मागच्या डाव्या सीटवर बसवलं. ती खिडकीला टेकून ऐसपैस बसली, जराही सरकली नाही. त्यानं मुद्दाम नीट पाहिलं.

"कसं वाटते बेटा?"

"पलंगावर बसल्यासारखं, बाबा," जया म्हणाली. तिनं पोटावर हात ठेवला. "हाही खूश हाय."

त्या रात्री चंपतराव दोन भाकरी जास्त जेवला आणि भैय्याजींना निरोप धाडला: गाडी बावनकशी आहे, घ्या.

सकाळी गाडी घेऊन दुकानाला निघताना तो ओसरीवर थांबला. जयाची बाज तिथे होती. ती येणार म्हणून त्यानं स्वतः नवा दोर आणून विणलेली, रुंद, दोघं निजतील एवढी. जया बाजेच्या अगदी काठावर, उजव्या बाजूच्या लाकडाला चिकटून निजली होती. गरम होत असेल, असं त्याला वाटलं. कठड्यावरचा पाण्याचा तांब्या रिकामा होता. मांजर प्यायलं असेल.

५

लहानू दुपारच्या आधी आला. भैय्याजींचा होकार कळवला होता, आता गाडी कागदपत्रांसाठी कचेरीत न्यायची होती. तो वखारीच्या कोपऱ्यावर वळला, गाडी दिसली आणि मधेच उभा राहिला. लांबूनच त्यानं गाडीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. मग जवळ आला, किल्ली घेतली, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि सरळ आत बसला.

चंपतरावाला काहीतरी चुकल्यासारखं झालं. काय ते कळायला क्षण गेला.

"आज मागचं दार नाही उघडलं गा?"

"आता काहून उघडू?" लहानू म्हणाला. त्याचा चेहरा बदललेला होता. वर्षानुवर्षं डोक्यावर भारा वाहिलेला माणूस तो खाली टेकवून उभा राहतो, तसा तो सैल दिसत होता. पण चंपतरावाच्या डोळ्यांकडे पाहायचं तो टाळत होता.

"साहेब त्या कोपऱ्यात बसत होते काय?"

"साहेब? नाही जी. साहेब जिंदगीत मागं नाही बसले. पुढं बसत, माझ्या बाजूनं. बाईसाहेबही. लेकरंही पुढंच कोंबत."

पुढचं डावं सीट खचलेलं. मागचं कोरं. चंपतरावानं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं आणि हिशेबात धरलं नव्हतं.

"मग तू दार कोणासाठी उघडत होता?"

लहानूनं गाडी चालू केली. इंजिन सुरेख बोललं. त्यानं गिअरवर हात ठेवला, काढला, आणि खालच्या आवाजात, कोणा मोठ्या माणसाचं नाव घ्यावं तशा अदबीनं विचारलं, "कुठं उतरवलं त्यांना?"

 चंपतरावाच्या कानात पार्वतीबाईची हाक आली, स्पष्ट, जशी काल आली होती. आत या ना बाप्पा. आपलंच घर समजा.

"घरी," तो म्हणाला. "माझ्या घरी."

लहानूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दया होती. मग गाडी निघाली, सरळ, कुठेही न झुकता, वखारींच्या गल्लीतून दिसेनाशी झाली.

६

चंपतरावानं भट्टी तशीच जळती सोडली. नत्थूजींनी "काय झालं गा?" म्हणून विचारलं तेही त्याला ऐकू आलं नाही. सायकलवर टांग टाकून तो भर उन्हात निघाला. रस्ताभर त्याचं मन खीळ, गंज, वंगण असे शब्द घोकत होतं. आधी मोठ्यानं, मग पुटपुटत. सक्करदऱ्याचा तलाव दिसला तोवर ते गप्प झालं होतं.

घर शांत होतं. खिडकीला बांधलेल्या वाळ्याच्या तट्ट्यातून पाणी टपकत होतं. पार्वतीबाई आत लवंडली होती. ओसरीवर जया बाजेच्या काठावर निजली होती, इतकी काठावर की एक पाय खाली लोंबत होता. तिच्या डावीकडे अर्धी बाज मोकळी होती.

मोकळ्या अर्ध्या बाजेचा दोर खाली ओढला गेलेला होता. नवा दोर. त्यानंच ताणून विणलेला.

चंपतराव बाजेशी उकिडवा बसला. त्यानं हात बाजेखाली घातला आणि तळहात दोरांना खालून लावला. दोर ताठ होते. भार असला की असतात तसे.

"जये," तो हलकेच म्हणाला. "उठ बाई. उठून उभी राहा."

जया डोळे चोळत हसली. "काय बाबा, आता मलेही तपासून राहिले काय?" ती कमरेला हात लावून सावकाश उठली, बाजेपासून एक पाऊल पुढे उभी राहिली. तिच्या बाजूचे दोर सैल झाले, वर आले.

पलीकडचे आले नाहीत.

चंपतराव वाट पाहत राहिला. कमानीला वेळ लागतो कधीकधी. आत तट्ट्याचं पाणी टपकत होतं. आणि मग त्याच्या तळहातावरचा भार हलला. दोर आधी आणखी खाली गेले, मग हळूहळू वर आले, एकदा मागे गेले आणि थांबले. अगदी नीट, त्याला हवे तसे थांबले.

"माय वं," जया म्हणाली. ती एक पाऊल मागे सरली आणि तिनं ओसरीचा खांब धरला. "बाबा, एकदम भल्लं जड झालं अंग. कोणी बसल्यावाणी."

चंपतरावानं वर पाहिलं. भार कुठं आहे हे ओळखण्यात त्याची नजर आयुष्यात कधी चुकली नव्हती. त्याची लेक दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती, आणि डावीकडे झुकली होती. चार बोटं.

त्याला शब्द माहीत होता. एकच शब्द. तो म्हटला की कोणीही उतरतं, हे कालच त्याच्या हाताला कळलं होतं. तो जिभेच्या टोकावर आला, सवयीनं, आपोआप, आणि मग त्याची नजर जयाच्या हातांवर गेली, हातांखालच्या पोटावर गेली.

उतरा म्हटल्यावर कोण कोण उतरेल?

"बाबा, बोला ना काही," जया रडकुंडीला येऊन म्हणाली.

चंपतरावानं दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले.